काट्याच्या कारभाऱ्यांस अनावृत पत्र



तुमचं नाव मला ठाऊक नाही, हुद्दाही नाही. पण तुमचं काम मी रोज बघते. स्टिअरिंगमागच्या पडद्यावर, पेट्रोल पंपाच्या इवल्याशा चित्राशेजारी, एक आकडा उजळतो आणि अजून इतके किलोमीटर जाता येईल असं मला सांगतो. तो आकडा कसा काढायचा, शून्य कुठे ठेवायचं, तक्रारी वाढल्या की ते शून्य कुठे सरकवायचं, हे तुम्ही ठरवता. म्हणून हे पत्र शोरूमला नाही आणि तक्रार निवारण कक्षालाही नाही. त्या दोन्ही ठिकाणी मी जाऊन आले आहे.

तुमच्या शेजारच्या टेबलांवर बसणाऱ्यांना माझा मनापासून नमस्कार सांगा. ज्यांनी हे टर्बो इंजिन बांधलं, गिअर इतके नेमके बसवले, पाऊल टेकताच ऐकणारे ब्रेक दिले, त्यांनी आपलं काम चोख केलं आहे. मला गाडी चालवायला आवडते. त्या आवडीपायी वर्षानुवर्षं पैसे बाजूला टाकून आणि घरच्यांचं बोलणं खाऊन मी ही गाडी घेतली. गाडीनं मला निराश केलं नाही. तुम्ही केलंत. ताशी शंभराचा वेग गाठायला लागणारा वेळ तुमची कंपनी सेकंदाच्या दशांशापर्यंत छापते, आणि त्याच गाडीच्या टाकीत पेट्रोल किती आहे हे तुम्हाला लिटरातही धड सांगता येऊ नये?

येतं सांगता. मला राग आहे तो त्याचाच. इंजिनाचा संगणक प्रत्येक सिलिंडरमध्ये दर फवाऱ्याला किती पेट्रोल सोडायचं ते मिलिग्रॅममध्ये ठरवतो. थेट इंजेक्शनच्या इंजिनात हे काम दोनशे-तीनशे बार दाबाखाली, मिनिटाला हजारो वेळा चालतं. त्या फवाऱ्यांची बेरीज केली की गाडीनं किती पेट्रोल खाल्लं ते कळतं. युरोपात २०२१ पासून प्रत्येक नव्या पेट्रोल-डिझेल मोटारीत इंधनाचा खर्च मोजणारी यंत्रणा ठेवावी लागते आणि तिची चूक पाच टक्क्यांच्या आत असावी लागते. म्हणजे गेलं किती, हे गाडीला पक्कं ठाऊक असतं. उरलं किती, एवढंच सांगायचं राहतं, आणि नेमकी तिथे तुमची जीभ जड होते.

उरलेलं मोजणं अवघड आहे, हे मला कळतं. टाकीत फ्लोट असतो, तो पातळीबरोबर वरखाली होतो, त्याची दांडी रोधाच्या पट्टीवर सरकते आणि त्या रोधावरून लिटर काढले जातात. टाकी चौकोनी डबा असती तर प्रश्न नव्हता. माझ्या गाडीसारख्या, मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत मधून शाफ्ट जातो, म्हणून टाकी त्याच्या दोन्ही अंगांना खोगिरासारखी उतरलेली असते. दोन पोटं, दोन फ्लोट. इंजिनाला पेट्रोल देणारा पंप मात्र एकाच पोटात. पलीकडचं पेट्रोल अलीकडे आणायला एक जेट पंप असतो, ज्याला स्वतःची मोटर नसते; मुख्य पंपाकडून येणाऱ्या पेट्रोलच्या धारेवरच तो ओढण्याचं काम करतो. वळणावर आणि चढावर पेट्रोल एका बाजूला जातं, म्हणून काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. हे सगळं समजून घ्यायला मला काही आठवडे लागले. तुम्ही तर यावरच पगार घेता. मग मला सांगा, जे काम अवघड आहे हे तुम्हाला माहीत होतं, ते तपासून पाहण्याची गरज तुम्हाला एकदाही का वाटली नाही?

गाडी नवी असताना काटा घाबरट होता. टाकी फुल केली की बराच वेळ तो हलायचाच नाही, मग अर्ध्यावर आल्यावर भराभर पडायचा. रेंज शून्यावर गेली, लाल दिवा लागला, पडद्यावर ताबडतोब पेट्रोल भरा असा हुकूम आला की मी पंपावर जायची. टाकी साठ लिटरची. नोझल ऑटो कट व्हायचं सत्तेचाळीसच्या आसपास. म्हणजे गाडी संपलं म्हणायची तेव्हा टाकीत तेरा लिटर असायचं. तेरा लिटर म्हणजे माझ्या गाडीला शंभराहून जास्त किलोमीटर.

पंपावरच्या पोरावर संशय घ्यायचा, ही आपली जुनी सवय. मीही पाच लिटरचं माप मागितलं. ते माप मागायचा ग्राहकाला हक्क आहे, त्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असतो आणि पाच लिटरमागे २५ मिलिलिटरच्या पलीकडे चूक चालत नाही. माझ्यासमोर माप भरलं, पातळी रेषेवर आली. पंप खरा होता.

मग वर्कशॉप. सर्व्हिस अॅडव्हायजरनं जॉब कार्डवर लिहून घेतलं आणि मान वर न करता विचारलं, "मॅडम, गाडी रेग्युलरली कोण चालवतं?" मीच, म्हटलं. "मग ड्रायव्हिंग स्टाइलचा फरक असेल. शक्य असेल तर पुढच्या वेळी साहेबांना घेऊन या, त्यांना नीट समजावून सांगता येईल." मी त्याला विचारलं, माझ्या चालवण्यानं मायलेज कमीजास्त होईल, पण टाकीतलं तेरा लिटर पेट्रोल काट्याला दिसेनासं कसं होईल? त्यानं संगणक जोडला, त्रुटीचा कोड सापडला नाही, म्हणून त्रुटीही नाही असं ठरलं. जॉब कार्डवर शेरा आला: सामान्य. हा मुलगा बिचारा तुमच्या छापील उत्तरांवर चालतो, म्हणून त्याच्यावर मी राग धरत नाही. पण बाईनं लिटरचा हिशेब मांडला की साहेबांना बोलवायचं, हे त्याला कुणी शिकवलं ते शोधा. त्या प्रशिक्षणाचे पैसे तुमच्याच कंपनीनं भरले आहेत.

शून्याखाली थोडं पेट्रोल राखून ठेवावं, लोक रस्त्यात अडकू नयेत, असा तुमचा बचाव असणार. ऐकायला दयाळू वाटतो. आमच्या बाबांच्या स्कूटरला पेट्रोलचा काटाच नव्हता. कॉक होता: चालू, बंद आणि रिझर्व्ह. इंजिन आचके द्यायला लागलं की बाबा खाली हात घालून कॉक रिझर्व्हला फिरवायचे, आणि त्या क्षणापासून घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असायचं की आता पंप गाठायचा. राखीव साठा होता, पण तो कुठे सुरू होतो ते मालकाला माहीत होतं. तुम्ही राखीव साठा मालकापासूनच लपवलात. त्याचा परिणाम काय झाला? दोनचार वेळा शून्यावरही गाडी मजेत चालते हे दिसलं की माणूस शून्याला जुमानत नाही. लाल दिव्याला जुमानत नाही. गाडीच्या एका इशाऱ्यावरचा विश्वास उडाला की बाकीच्यांवरचाही उडतो, आणि त्याच पडद्यावर उद्या ब्रेक ऑइलचा, टायरच्या हवेचा इशारा यायचा असतो. चालकाला आपल्याच गाडीचं म्हणणं टाळायला शिकवणं, याला दया म्हणत नाहीत.

तक्रारी माझ्या एकटीच्या नसाव्यात, कारण काही काळानं वर्कशॉपमधून फोन आला की सॉफ्टवेअर अपडेट आलंय, गाडी घेऊन या. गाडी नेली. टाकी कुणी उघडली नाही, सेन्सर कुणी तपासला नाही, पेट्रोल कुणी मोजलं नाही. केबल जोडली, पाऊण तासात गाडी परत. त्या दिवसापासून रेंज वाढली. तेरा लिटर आता काट्याला दिसायला लागलं. तुमच्याकडे माझी तक्रार निकालात निघाली. ही कारागिरी तुमची आहे, कारभारी. टाकीत काय चाललंय ते न बघता तुम्ही काचेवरचा आकडा बदललात आणि हात झटकलेत.

ऑगस्टमध्ये आईला घेऊन चिपळूणहून पुण्याला परत येत होते. संध्याकाळ, पाऊस धरलेला. निघताना रेंज एकशे चाळीस. कराड तिथून नव्वदच्या आसपास, वाटेत पाटणलाही पंप आहे, त्यामुळे काळजीचं कारण नव्हतं. पोफळी गेली, कुंभार्ली घाट सुरू झाला, धुकं उतरलं. पडद्यावर शंभराच्या वर रेंज दिसत असताना एका उजव्या वळणाच्या चढावर इंजिनानं आचका दिला. मग दुसरा. अॅक्सिलरेटर दाबला तर काहीच नाही. इंजिन बंद. गाडी मागे सरकायला लागली, ब्रेक दोन दाबांनंतर कडक झाला, मागून ट्रकचे दिवे. आई म्हणाली, "अगं, हँडब्रेक ओढ, ओढ आधी." मागच्या ट्रकवाल्यानं अंतर राखलं होतं म्हणून आम्ही दोघी धडधाकट आहोत. त्याचा क्लीनर पावसात उतरला, चाकामागे दगड लावले आणि विचारलं, "ताई, पेट्रोल संपलं का?" मी पडद्याकडे बघितलं. तिथे शंभर किलोमीटरची ग्वाही अजून उजळत होती. मी त्याला नाही म्हणाले.

त्यानं माझ्यावर विश्वास न ठेवता खाली जाणाऱ्या टेम्पोबरोबर निरोप धाडला आणि तासाभरानं पाच लिटरचा कॅन आला. तो ओतला, गाडी सुरू झाली. पाटणला टाकी फुल केली तेव्हा अठ्ठेचाळीस लिटर मावलं. कॅनमधलं पेट्रोल तोवर वाटेतच जळलं होतं. हिशेब तुम्हीच करा. घाटात गाडी बंद पडली तेव्हा टाकीत बारा लिटरच्या आसपास पेट्रोल होतं. होतं, पण पलीकडच्या पोटात. जेट पंप ते ओढत नव्हता. पुढे वर्कशॉपनं एकदाची टाकी उघडली तेव्हा हेच निघालं.

आता मागचं सगळं जुळवून पाहा. सुरुवातीला शून्याखाली उरायचं ते तेरा लिटर. ते तुम्ही राखून ठेवलेलं होतं, की इंजिनाला कधीच न मिळणारं पेट्रोल होतं? टाकी उघडली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. माझा काटा कदाचित तेव्हाच खरं बोलत होता. तुम्ही त्याला खोटं बोलायला लावलंत. पोचत नसलेलं पेट्रोल रेंजमध्ये मोजलंत आणि मला घाटात पाठवलंत.

टाकीत असणं आणि टाकीतून मिळणं यात फरक आहे, हे शर्यतीच्या जगात सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या जाहिरातींत शर्यतीचा वारसा वगैरे शब्द असतात, म्हणून तिथलंच सांगते. १ ऑगस्ट २०२१, हंगेरियन ग्रां प्री. सेबास्टियन फेटेल दुसरा आला. नियमाप्रमाणे शर्यतीनंतर गाडीतून एक लिटर इंधनाचा नमुना काढून द्यावा लागतो. संघाच्या हिशेबात टाकीत लिटरभराहून जास्त शिल्लक होतं. काढायला गेले तर ०.३ लिटर निघालं. त्याला बाद केलं आणि दुसरा क्रमांक गेला. हिशेबात किती होतं हे नियमानं विचारलं नाही. बाहेर किती आलं, तेवढंच पाहिलं.

विमानांच्या बाबतीत तर हा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे. अमेरिकी हवाई वाहतुकीच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की सरळ पातळीत उडताना, टाकीत फक्त वापरता न येणारं इंधन उरलं असेल तेव्हा काट्यानं शून्य दाखवायला हवं. टाकीच्या कोपऱ्यात जे अडकून बसतं, पंपाला जे उचलता येत नाही, ते वैमानिकाच्या हिशेबात धरायचंच नाही. किती साधं आहे! यात ना दया आहे ना जाहिरात. हीच व्याख्या तुम्ही घेतली असती तर मला हे पत्र लिहावं लागलं नसतं.

माझ्या गाडीच्या वेगाच्या काट्यालाही मर्यादा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार स्पीडोमीटरनं खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, आणि जास्त दाखवलं तरी खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी चार किलोमीटर, याच्या पलीकडे नाही. चूक झालीच तर ती चालकाला सावध करणाऱ्या बाजूला व्हावी, असा त्यामागचा विचार. पंपाच्या मापावर सरकारचा शिक्का आहे. २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात आणि मग आपल्या ठाणे पोलिसांनीही पंपांवर छापे घातले, मापात चोरी करणाऱ्या चिप सापडल्या, माणसं आत गेली. मिलिलिटर चोरणाऱ्याला आपण तुरुंगात टाकतो, आणि बारा लिटरची खोटी ग्वाही देणाऱ्याला वर्षअखेरीस बढती मिळते. तुमची बढती मी पाहिलेली नाही, पण पाऊण तासात तक्रार बंद करणाऱ्याला कंपन्या काय देतात हे मला ठाऊक आहे.

उरला किलोमीटरचा आकडा. त्याचं स्तोम तुम्ही माजवलंत. उरलेले लिटर गुणिले गेल्या काही अंतराचं सरासरी मायलेज, इतकाच त्याचा जीव. साध्या गाडीत तो निभावतो, कारण तिचं मायलेज फारसं डोलत नाही. माझी गाडी हायवेवर शांत चालवली तर लिटरला चौदा देते आणि घाटात पाय दाबला तर सहा. लोणावळ्याहून खोपोलीकडे बोरघाट उतरताना पाय उचलला की इंजिन पेट्रोल घेणंच थांबवतं, आणि रेंज चालता चालता वाढत जाते. उतारानं वाढवलेला तो आकडा चढाला लागल्यावर काय कामाचा? आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो अंदाज आहे, आणि तुम्ही तो मोजमापाच्या थाटात मांडता. चौऱ्याहत्तर, त्र्याहत्तर, बहात्तर. एकेका किलोमीटरची अचूकता असल्याचा आव.

आकडा रंगवण्याचा मोह तुम्हा एकट्यालाच आहे असंही नाही. २०२३ च्या जानेवारीत दक्षिण कोरियाच्या व्यापार आयोगानं टेस्लाला २.८५ अब्ज वॉनचा दंड केला, कारण थंडीत गाडीची रेंज निम्म्यापर्यंत घसरते हे ग्राहकांना सांगितलं नव्हतं. त्याच वर्षी जुलैमध्ये रॉयटर्सनं माहितगारांच्या हवाल्यानं छापलं की त्या कंपनीच्या गाड्यांत भरल्या बॅटरीला फुगवलेली रेंज दाखवण्याची आणि चार्ज निम्म्याखाली गेला की वास्तवाजवळ येण्याची रचना केली होती, आणि रेंजच्या तक्रारींच्या भेटी रद्द करायला लास व्हेगासमध्ये वेगळी तुकडी बसवली होती. तिथे बॅटरी, इथे पेट्रोल. ग्राहकाला खरं सांगण्यापेक्षा त्याची भेट रद्द करणं स्वस्त पडतं, हे गणित दोन्हीकडे एकच.

टाकी कोरडी पडू दिली तर काय होतं हेही तुम्हाला मी सांगायला नको. टाकीतला पंप पेट्रोलमध्येच थंड राहतो, पेट्रोलच त्याचं वंगण. पेट्रोलऐवजी हवा ओढली की तो झिजतो, उच्च दाबाचा पंपही कोरडा पडतो, सिलिंडर चुकायला लागले तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापतो. माझ्या गाडीच्या या भागांची तपासणी वॉरंटीत करून द्यायला वर्कशॉप तयार नव्हतं. कारण जॉब कार्डवर लिहिलं होतं: इंधन संपल्यामुळे वाहन बंद. बारा लिटर पेट्रोलनिशी. ती ओळ खोडून घ्यायला मला दोन पत्रं आणि एक वकील लागला.

मला तुमच्याकडून माफीचं पत्र नको, ॲक्सेसरीजचं व्हाउचर नको, मोफत सर्व्हिसही नको. मला पडद्यावर लिटर हवेत. किलोमीटरच्या जोडीला, मेन्यूच्या चार थरांखाली न लपवता, उरलेले वापरता येणारे लिटर. शून्याखाली किती उरतं ते मॅन्युअलमध्ये छापा, म्हणजे रिझर्व्हचा कॉक परत माझ्या हातात येईल. दोन पोटांच्या टाकीत दोन्ही फ्लोटचं रीडिंग वेगवेगळं दाखवा. ते गाडीत आधीच येतं, फक्त मला दिसत नाही. एका पोटाची पातळी जागची हलत नाही आणि दुसरं रिकामं होत चाललंय, हे संगणकाला कळतं. तेव्हा इशारा द्यायला दोन ओळींचा कोड पुरेल. आणि इतर मालकांना पाठवलेलं ते अपडेट मागे घ्या. त्यांच्यातलं कुणीतरी आंबेनळीत असेल, कुणी वरंध्यात, कुणी समृद्धी महामार्गावर रात्री दोन वाजता ताशी १२० नं जात असेल.

पुढच्या आठवड्यात गाडी वर्कशॉपमध्ये आहे. टाकी पूर्ण रिकामी करून, पाच लिटरच्या शिक्क्याच्या मापानं भरत, प्रत्येक मापाला काटा आणि रेंज काय म्हणतात ते लिहून घ्यायचं असं मी लेखी कळवलं आहे. वैधमापनशास्त्र विभागालाही त्या पत्राची प्रत गेली आहे. तुमचा माणूस पाठवा. तुम्हीच आलात तर उत्तम, रीडिंग तुमच्या हातानं लिहा आणि खाली सही करा.

तुमच्या गाडीची मालकीण आणि चालक